ऑफिसच्या कॅम्पमध्ये फ्लूची लस घ्यायचीये? मग बाही वर करायच्या आधी एवढं बघून घ्या

एचआरची मेल येते, अमुक तारखेला मोठ्या मीटिंग रूममध्ये फ्लू लसीकरण कॅम्प, इच्छुकांनी लिंकवर नाव नोंदवावं. निम्मे लोक ती उघडतच नाहीत, बाकीचे "बघू नंतर" म्हणतात, आणि मग त्या दिवशी दुपारी रांग दिसली की "अरे, आज होता होय!" सुई टोचायला जेमतेम अर्धा मिनिट लागतो आणि त्यात तुम्हाला करण्यासारखं काहीच नसतं, गप्प बसायचं. खरं काम त्याच्या आधी आणि नंतर असतं. कारण तुमचा नेहमीचा डॉक्टर तुम्हाला ओळखतो, तुमची फाईल त्याच्याकडे असते. कॅम्पमधल्या नर्सपुढे मात्र एकामागोमाग एक नुसते दंड येत असतात. कुणाला मागच्या लसीला रिॲक्शन आली होती, कुणाची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, कोण प्रेग्नंट आहे, हे तिला कसं कळणार? ते आपणच सांगायचं, तिनं विचारायची वाट न बघता.

आता पहिल्यापासून.

मेल आली की आधी तारीख बघा आणि ती तुमच्याकडच्या फ्लूच्या सीझनच्या आधी पडतेय का ते बघा. लस घेतल्यावर अँटिबॉडी तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणजे आजूबाजूला सगळे खोकायला लागल्यावर धावत जाऊन घेतली तरी तेवढे दिवस तुम्ही उघडेच. उलट फार आधी घेतली तर सीझन संपेपर्यंत तिचा जोर कमी होत जातो, कारण ही प्रतिकारशक्ती काही महिन्यांत ओसरते. उत्तर गोलार्धातल्या थंड देशांत सप्टेंबर-ऑक्टोबर आणि दक्षिण गोलार्धात एप्रिल-मे ही साधारण वेळ धरतात. उष्ण भागात फ्लू पावसाळ्यात पण डोकं वर काढतो नाहीतर वर्षभर थोडा थोडा चालू असतो, तिथे स्थानिक आरोग्य खातं काय सांगतं ते धरायचं. कॅम्प थोडा उशिरा लागला म्हणून "आता काय उपयोग" म्हणून सोडू नका, फ्लू फिरतोय तोपर्यंत घेतलेल्या लसीचा फायदा आहेच.

दरवर्षी का घ्यायची हा प्रश्न रांगेत हमखास कुणीतरी विचारतं. कारणं दोन. एक वर सांगितलंच, जोर ओसरतो. दुसरं म्हणजे हा व्हायरस सारखा थोडा थोडा बदलत राहतो, त्यामुळे गेल्या वर्षीची लस यंदाच्या व्हायरसला नीट ओळखेलच असं नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा बसून ठरवते की पुढच्या सीझनच्या लसीत कुठले स्ट्रेन, म्हणजे व्हायरसचे कुठले प्रकार, घालायचे, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, आणि मग कंपन्यांना ती बनवून बाजारात आणायला सहाएक महिने लागतात. एवढ्या आधी अंदाज बांधायचा म्हणजे काही वर्षी तो चुकतो पण. म्हणून बॉक्सवर सीझन किंवा वर्ष छापलेलं असतं ते बघायचं. जुन्या सीझनचा साठा कुणी खपवत नाहीये ना, हे विचारण्यात लाज कसली? नर्सला बॉक्स दाखवायला सांगा, ती दाखवते.

तिथेच अजून एक वाद होतो, "ही तीनचीच आहे, मला चारची पाहिजे". काही वर्षांपूर्वीपर्यंत चार स्ट्रेनची लस चांगली समजली जायची, दोन ए टाइपचे आणि दोन बी टाइपचे. पण त्यातला बी टाइपचा यामागाता नावाचा गट मार्च २०२० नंतर जगात कुठे नैसर्गिकरीत्या फिरताना पक्का सापडलेलाच नाही, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंच सांगितलं की आता त्याची गरज उरलेली नाही. म्हणजे तीनची लस मिळाली तर कंपनीनं पैसे वाचवले असं समजून भांडत बसू नका. आणि "स्वाइन फ्लूची वेगळी घ्यावी लागेल का?" तर नाही, २००९ साली आलेला तो एच१एन१ आता दरवर्षीच्या सीझनचाच झालाय आणि त्याच्यापासून आलेला स्ट्रेन ह्याच इंजेक्शनमध्ये असतो.

मग नाव नोंदवणं. लिंक आली त्याच दिवशी नोंदवा, कारण डोस नोंदणीच्या आकड्यावर मागवतात. स्लॉट निवडताना पुढचा एक दिवस डोळ्यापुढे ठेवा. बहुतेकांचा फक्त दंड दुखतो, पण काहींना अंग कसकसतं, हलका ताप येतो, डोकं जड होतं, आणि हे एक-दोन दिवस चालू शकतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठं प्रेझेंटेशन किंवा लांबचा प्रवास असेल तर दुसरा स्लॉट घ्या. शुक्रवार दुपारचे स्लॉट म्हणूनच सगळ्यात आधी भरतात, लोक हुशार असतात. स्लॉट नाही मिळाला तर कॅम्प संपायच्या अर्धा-पाऊण तास आधी जाऊन विचारा, नाव देऊन न येणारे प्रत्येक ऑफिसात असतात, त्यांचे डोस शिल्लक असू शकतात.

नोंदवतानाच विचारून घ्यायच्या गोष्टी: पैसे कंपनी भरणार की पगारातून कापणार की विम्याचं कार्ड दाखवावं लागेल, घरच्यांना आणता येईल का, घरून काम करणाऱ्यांसाठी काय सोय. घरच्यांमध्ये लहान मुलं असतील तर आधी विचारल्याशिवाय घेऊन येऊ नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देतच नाहीत, आणि नऊ वर्षांच्या आतल्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदाच देत असतील तर अनेक देशांत चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस देतात, ते एका दिवसाच्या कॅम्पमध्ये कसं जमणार. त्यांना त्यांच्या डॉक्टरकडेच न्या. आजी-आजोबांचं पण तसंच काहीसं. पासष्टच्या पुढच्यांसाठी काही देशांत जास्त ताकदीची वेगळी लस मिळते आणि ऑफिसच्या कॅम्पमध्ये ती बहुतेक वेळा आणलेली नसते.

आणि एक गोष्ट मला खटकते ती इथेच बोलतो. नोंदणी कधीकधी सगळ्यांना दिसेल अशा शेअर्ड शीटवर करतात आणि त्यात एक कॉलम असतो, "काही आजार असल्यास लिहा". लिहू नका! नाव आणि वेळ एवढंच तिथे टाका. तुमचा दमा, तुमची शुगर, तुमची प्रेग्नन्सी हे नर्सच्या किंवा डॉक्टरच्या फॉर्मवर जाईल, एचआरच्या शीटवर आणि टीमच्या डोळ्यांपुढे जायचं काही कारण नाही. कुणी लस घेतली आणि का नाही घेतली यावरून मॅनेजरनं चौकश्या करणं पण बरोबर नाही, "मला नकोय" एवढं पुरे असतं.

आता तो संमतीचा फॉर्म. लोक त्यावर सगळीकडे "नाही, नाही, नाही" अशा टिका मारून सही ठोकतात आणि रांगेत पुढे सरकतात. असं करू नका, ह्या कॅम्पमध्ये तुमच्याबद्दल माहिती असलेला हा एकच कागद आहे. मागे फ्लूच्या लसीनंतर श्वास लागणं, चेहरा-घसा सुजणं असली जोरदार ॲलर्जी आली असेल तर ती लस कॅम्पमध्ये घ्यायचीच नाही, आधी डॉक्टर. लसीतल्या एखाद्या घटकाची तशी ॲलर्जी असेल तरी तेच. गियाँ-बारे नावाचा एक नसांचा आजार आहे, पायापासून अशक्तपणा वर चढत जातो, तो आधी फ्लूची लस घेतल्यावर सहा आठवड्यांच्या आत झाला असेल तर तेही सांगायचं आणि कॅम्पऐवजी डॉक्टरशी बोलून ठरवायचं. फार विरळा आहे हा प्रकार, लसीशी त्याचा काही संबंध लागलाच तर तो दहा लाख डोसमागे एक-दोन असा धरतात, आणि स्वतः फ्लू झाल्यावर तो होण्याची शक्यता जास्त असते. पण तुमच्या बाबतीत झालेला असेल तर तुमच्यासाठी तो विरळा नाही.

अंड्याची ॲलर्जी हा जुना बागुलबुवा. बऱ्याच फ्लूच्या लसी कोंबडीच्या अंड्यात व्हायरस वाढवून बनवतात म्हणून पूर्वी फार जपायचे. आता अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं, २०२३ च्या सीझनपासून अंड्याच्या ॲलर्जीवाल्यांसाठी वेगळी काही खबरदारी सुद्धा काढून टाकली, इतरांसारखीच कुठलीही लस चालते म्हणतात. सगळ्या देशांत नियम अगदी तोच असेल असं नाही, तेव्हा सांगा नर्सला आणि ती काय म्हणते ते ऐका. अंड्याशिवाय बनवलेल्या लसी पण असतात.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर लस घेता येते, फक्त सांगायचं, म्हणजे बारीक सुई वापरतील आणि नंतर दोनेक मिनिटं कापूस घट्ट दाबून धरायला सांगतील, चोळायचं नाही. प्रेग्नंट असाल तर इंजेक्शनवाली लस कुठल्याही महिन्यात चालते, उलट तुम्ही घ्यावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण गरोदरपणात फ्लू जास्त त्रास देतो आणि आईच्या अँटिबॉडी बाळाला पहिले काही महिने पुरतात. नाकात मारायचा स्प्रे मात्र प्रेग्नन्सीत नाही आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना पण नाही, कारण त्यात जिवंत पण कमजोर केलेला व्हायरस असतो. कॅम्पमध्ये बहुतेक इंजेक्शनच असतं, तरी तुम्हाला "सुई नकोय ना, हा स्प्रे घ्या" म्हटलं तर लगेच खूश होऊ नका, आधी हे आठवा.

कॅम्पच्या दिवशी सर्दी आहे, घसा खवखवतोय, तर काय? साधी सर्दी असेल तर देतात. चांगला ताप भरलाय, अंगात त्राण नाही, तर थांबा. एकतर आजार आणि लसीचा त्रास यात गोंधळ होतो आणि दुसरं म्हणजे तुम्ही तापात ऑफिसला येताच का? नंतर डॉक्टरकडे जाऊन घ्या, कॅम्प हुकला म्हणजे लस हुकली असं नाही.

कपडे! हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. अर्ध्या बाह्यांचा शर्ट किंवा सैल टॉप घाला ज्याची बाही खांद्यापर्यंत सहज वर जाते. घट्ट फॉर्मल शर्टाची बाही निम्म्यावर अडकते, मग लोक कॉलर खाली ओढून खांदा बाहेर काढतात आणि सुई नको तेवढी वर लागण्याची शक्यता वाढते. ती दंडाच्या जाड स्नायूत जायला हवी, खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दोन-तीन बोटं खाली. फार वर सांध्याजवळ गेली तर खांदा महिनोन्महिने दुखू शकतो, क्वचित होतं पण होतं. ज्या हातानं लिहिता त्याच्या उलट्या हातावर घ्या. आणि उपाशी जाऊ नका, काहीतरी खाऊन, पाणी पिऊन जा. सुई बघून चक्कर येणाऱ्यांनी बसायच्या आधीच तसं सांगायचं, आडवं झोपवून देतात, त्यात काही कमीपणा नाही. धडधाकट माणसं पण धाडकन पडतात आणि मग लागतं ते डोक्याला, सुईनं नाही.

खुर्चीत बसल्यावर हात मांडीवर सैल सोडा. दंड आवळून धरला की जास्त दुखतं. नर्सनं नवीन सीलबंद सिरिंज काढली का, लसीचं नाव आणि एक्सपायरी काय, एवढं बघा, आणि तिथे थर्मामीटरवाली थंड पेटी आहे का ते पण. ही लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते, आणि गंमत म्हणजे जास्त थंड करणं सुद्धा चालत नाही, गोठली की फेकूनच द्यायची. मोठ्या माणसाला साधारण अर्धा मिली डोस असतो, बघता बघता संपतो. झाल्यावर पंधरा मिनिटं तिथेच बसायचं. हो, मीटिंग असली तरी. चक्कर आली किंवा ॲलर्जीची रिॲक्शन झालीच तर ती बहुतेक ह्या वेळातच दिसते, आणि ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन त्या खोलीत असतं, तुमच्या डेस्कवर नाही.

निघताना कागद घ्या. लसीचं नाव, बॅच नंबर, तारीख, कुठल्या हातावर, कुणी दिली. कागद हरवतोच, म्हणून तिथल्या तिथे फोटो काढा आणि आपल्या डॉक्टरला पाठवून द्या, म्हणजे दोन महिन्यांनी तो परत लस द्यायला बघणार नाही आणि पुढे काही त्रास झाला तर कुठल्या बॅचची होती ते सांगता येईल. माझ्या मते कॅम्पमधली सगळ्यात जास्त दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. ऑफिस बदललं, लस द्यायला येणारी एजन्सी बदलली, की जुनं रेकॉर्ड शोधणं म्हणजे नुसती मेलामेली.

त्या दिवशी हात नेहमीसारखा हलवत राहा, जखडून ठेवलात तर जास्त आखडतो. दुखलं तर थंड पट्टी. ताप-अंगदुखी आली तर पॅरासिटामॉल चालतं, पण त्रास व्हायच्या आधीच "सेफ्टी म्हणून" गोळी घेऊ नका. दोन-तीन दिवसांनी पण ताप उतरत नसेल तर तो लसीचा नाही असं धरून डॉक्टरकडे जा. अंगावर गांधी, ओठ-चेहऱ्याला सूज, श्वासाला त्रास असं काही झालं तर वाट बघू नका, सरळ इमर्जन्सी. हातपायांत मुंग्या येऊन कमजोरी वाढत चालली किंवा आठवडे उलटले तरी खांदा वर उचलता येत नसेल तर तेही दाखवायचं आणि लसीची तारीख सांगायची.

"मी लस घेतली आणि मलाच फ्लू झाला" हे दरवर्षी ऐकायला मिळतं. इंजेक्शनच्या लसीत जिवंत व्हायरस नसतो, तिच्यामुळे फ्लू होऊ शकत नाही. झालं असतं ते असं की पहिल्या दोन आठवड्यांत, संरक्षण तयार व्हायच्या आत, कुठूनतरी लागण झाली, किंवा तो फ्लू नव्हताच, सर्दीचे दुसरे ढीगभर व्हायरस फिरत असतात. आणि लस घेऊनही खरोखर फ्लू होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. लस आणि फिरणारा व्हायरस चांगला जुळला त्या वर्षी डॉक्टरकडे जावं लागेल असा फ्लू होण्याचा धोका साधारण ४० ते ६० टक्के कमी होतो. शंभर टक्के कधीच नाही. पण हॉस्पिटलात भरती व्हायची वेळ कमी लोकांवर येते आणि माझ्यासाठी तेवढं कारण पुरे आहे.

आता हा सगळा कॅम्प लावायचं काम तुमच्याच गळ्यात पडलं असेल तर थोडं. खोली अशी बघा की आत येणारी आणि बाहेर जाणारी रांग एकमेकांना भिडणार नाही, एक पडदा लावा कारण सगळ्यांना सगळ्यांसमोर बाही वर करायला आवडत नाही, आडवं व्हायला एक कोच किंवा गादी, आणि पंधरा मिनिटं बसायला पुरेशा खुर्च्या. खुर्च्या कमी पडल्या की लोक पळतात. लस ऑफिसच्या डबे ठेवायच्या फ्रिजमध्ये अजिबात ठेवू देऊ नका, ते दार दिवसभर उघडंच असतं. रात्रपाळीवाल्यांसाठी वेगळी वेळ ठेवा. आणि सिक्युरिटी, हाउसकीपिंग, कँटीनची माणसं कंत्राटदाराची आहेत म्हणून यादीतून गाळली जातात, ते थांबवा. दिवसभरात सगळ्यात जास्त लोकांशी त्यांचाच संबंध येतो, व्हायरस काही पे-रोल बघून चढत नाही.

शेवटचं, पुढच्या महिन्यांत लस घेऊनही एकदम जोराचा ताप, अंगदुखी, कोरडा खोकला सुरू झाला तर "मी तर लस घेतलीये, हे काही फ्लू नाही" म्हणून अंगावर काढू नका. फ्लूवरची ओसेल्टामिविरसारखी औषधं लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत चालू झाली तर जास्त कामाला येतात, त्यामुळे दमा, शुगर, हृदयाचा त्रास असलेल्यांनी, प्रेग्नंट बायकांनी आणि वयस्कर मंडळींनी पहिल्याच दिवशी डॉक्टरला फोन करायचा आणि लसीचा तो फोटो पण पाठवायचा. ऑफिसला जायचं नाही. लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून ते नंतर पाच-सात दिवस आपण दुसऱ्यांना फ्लू देऊ शकतो, म्हणून गोळी न घेता चोवीस तास ताप आला नाही आणि बाकीचा त्रास पण उतरतोय असं दिसलं की मगच परत कामावर या, आणि त्यानंतरही चार-पाच दिवस गर्दीत मास्क लावा.